उलानबातरमधला साधा मंगळवार कसा असतो?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, विद्युत विषय शिकवतो. येत्या ऑक्टोबरपासून वर्षभरासाठी मंगोलियात, उलानबातरच्या एका तांत्रिक महाविद्यालयात प्रशिक्षक म्हणून जातोय. माहिती शोधायला बसलं की नादाम या उत्सवातल्या कुस्त्या, घोड्यांच्या शर्यती, हातावर गरुड घेतलेला शिकारी आणि चंगीज खानाचा पुतळा, एवढंच समोर येतं. ते सगळं बघणारच आहे. पण माझं वर्ष जाणार सोमवार ते शुक्रवारात. तिथली माणसं किती वाजता उठतात, काय खातात, कामावर कशी जातात, मुलांना शाळेतून कोण आणतं, संध्याकाळी घरी आल्यावर काय करतात? कुणी तिथे राहिलं असेल तर एखादा साधा मंगळवार सांगाल का? पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी मार्चमध्ये यायच्या आहेत, म्हणून जास्त विचारतोय.

तूलकाठची यांचं उत्तर

दादा, मी इथे चार हिवाळे काढलेत. एका शाळेत गणित शिकवते. माझा स्वतःचा मंगळवार सांगून उपयोग नाही, तो पुण्यातल्या मंगळवारासारखाच आहे, फक्त त्यावर चार थर कपडे. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एग्चचा मंगळवार सांगते. एग्च म्हणजे ताई. इथे वयाने मोठ्या बाईला एग्च, मोठ्या पुरुषाला आख. दुकानदार असो, ड्रायव्हर असो, आपल्या ताई-दादासारखंच. आणि मोठ्यांना ‘ता’ म्हणायचं, ‘ची’ नाही. हा अहो-अरेचा फरक पहिल्या दिवसापासून पाळा, कारण आपल्याला तो कळतो हे लोकांना फार आवडतं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या इमारतीतली गरम पाण्याची पाइप फुटली. बाहेर उणे ३४. एग्चने ऐकलं आणि दुपारीच सांगून टाकलं, सामान घे, आमच्याकडे चल. त्या चिंगेलतेई भागात डोंगरउतारावर गेर वस्तीत राहतात. गेर म्हणजे तो नमद्याचा गोल तंबू. इथे त्याला तंबू म्हणत नाहीत, गेर म्हणजेच घर. शहराच्या निम्म्याहून जास्त लोकांची वस्ती अशा भागांत आहे. लाकडी कुंपणाचं आवार, आत एक गेर, कधी जोडीला छोटं पक्कं घर, कोपऱ्यात संडास. वीज आहे. नळ नाही, आणि शहराची गरम पाण्याची पाइपही तिथवर येत नाही. मी तीन रात्री राहिले. त्यातलाच हा मंगळवार.

दिवस सुरू झाला पहाटे तीनला. एग्च उठल्या, चुलीत इंधन घातलं आणि परत आडव्या झाल्या. गेरच्या मधोमध लोखंडी चूल असते, तिला द्झूख म्हणतात (जावईतला ज). ती विझली तर तासा-दोन तासांत आत पाणी गोठायला लागतं. म्हणून घरातलं कुणीतरी रात्री एकदा उठतंच. पूर्वी कच्चा कोळसा जाळत. मे २०१९ पासून शहरात त्याला बंदी आहे, आता दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या मिळतात. त्या जास्त वेळ धगधगतात, पण धुराड्याची ओढ नीट नसेल तर विषारी वायू आत साठतो. एग्चच्या छताच्या काठीला त्याची सूचना देणारं छोटं यंत्र टांगलेलं आहे, आणि झोपण्यापूर्वी त्या त्याचा दिवा लागलाय की नाही हे रोज बघतात.

साडेपाचला खरी सकाळ. राख बादलीत भरून बाहेर. दाराजवळच्या पिंपातल्या पाण्यावर पातळ बर्फ आलेला, तो डावाने फोडला आणि पाणी कढईत. मग चहा. विटेसारखा दाबलेला चहा कुटून पाण्यात उकळायचा, दूध घालायचं, मीठ घालायचं आणि डावाने उंचावरून पुन्हा पुन्हा ओतायचं. सूतेई त्साय. हा त्साय आपल्या ‘चाक’मधल्या च सारखा आहे, त्यामुळे मराठी जिभेला अजिबात अवघड जात नाही. साखरेची वाट बघत पहिला घोट घेतला की तोंड वाकडं होतं, पण सूप समजून घ्या. मला पंधरा दिवस लागले, आता साखरेचा चहा नकोसा वाटतो.

चहा झाला की घरात आधी कुणी पीत नाही. एग्चने अंगावर देल, म्हणजे लांब अंगरखा, चढवला, लाकडी चमचा घेतला, ज्याच्या तोंडाला नऊ खळगे असतात, आणि बाहेर अंधारात जाऊन पहिला चहा आकाशाकडे, डोंगराकडे शिंपडला. उणे ३४ मध्ये चहा हवेतच वाफ होऊन गेला. आपल्याकडे आजी सूर्याला अर्घ्य देते ना, मला तीच आठवली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बायका हेच बाल्कनीतून करतात. आमच्या समोरच्या इमारतीत सातव्या मजल्यावरच्या आजी रोज करताना दिसतात.

न्याहारी साधी. पाव, त्यावर ओर्म म्हणजे जाड साय, आणि बोर्त्सोग, म्हणजे चरबीत तळलेले कणकेचे तुकडे, थेट आपल्या शंकरपाळ्यांच्या गावचे. कधी रात्रीचं उरलेलं सूप. डिसेंबर-जानेवारीत उजाडायला साडेआठ वाजतात, म्हणजे हे सगळं काळोखातच चालतं.

एग्चच्या यजमानांकडे जुनी प्रियस आहे. इथे रस्ताभर प्रियसच दिसतील, जपानमधून वापरलेल्या आणलेल्या. स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, पण वाहतूकही उजव्या बाजूने, म्हणून ओव्हरटेक करताना शेजारी बसलेल्याने डोकावून सांगावं लागतं. थंडीत त्या चटकन सुरू होतात म्हणून लोकांचा त्यांच्यावर जीव. पण मंगळवारी ही गाडी आवारातच राहते, कारण गर्दी कमी करायला प्रत्येक गाडीला नंबरच्या शेवटच्या आकड्यानुसार कामाच्या दिवसांपैकी एक दिवस रस्त्यावर बंदी आहे. त्यांचा वार मंगळवार. म्हणून पावणेसातला आम्ही बर्फाळ उतारावरून जपून पावलं टाकत बसथांब्यावर.

बसच्या काचांवर आतून बर्फाची साय धरलेली असते. मुलं नखाने खरवडून बाहेर बघतात. कार्ड चढताना लावायचं आणि उतरतानाही. आजी-आजोबा चढले की तरुण पोरं न सांगता उठतात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: गर्दीत चुकून कुणाच्या पायावर पाय पडला की लगेच हात पुढे करायचा, समोरचाही हात देतो, विषय संपला. आपण पाय लागला की हात लावून कपाळाला नेतो, तसंच. पहिल्यांदा एका अनोळखी आजोबांनी माझ्यापुढे हात धरला तेव्हा मला काही कळलं नव्हतं. एग्चने हळूच सांगितलं.

शाळेत पोचलं की कोट, टोपी, बूट काढून आतले बूट घालायचे. आतमध्ये चांगलंच उकडतं. शहरातल्या पक्क्या इमारतींना वीजकेंद्रांतून गरम पाणी पाइपने येतं, १५ सप्टेंबर ते १५ मे. तुमच्या फ्लॅटमध्ये तुम्ही जानेवारीत टी-शर्टवर बसाल आणि खिडकीची छोटी झडप उघडाल. ज्यांच्यासाठी एग्च सकाळपासून कणीक मळतात, ती मुलंही शाळेत अर्ध्या बाह्यांत असतात. मला हा फरक रोज टोचतो. एकाच शहरात एकाला ऊब भिंतीतून येते, दुसऱ्याला पहाटे तीनला उठून ती घालावी लागते.

दुपारची सुट्टी एक तास. तिचं नाव त्साइन त्साग, चहाची वेळ. प्रत्यक्षात हे भरपेट जेवण असतं. ऑफिसची माणसं गुआंझमध्ये जातात, म्हणजे आपली खानावळ. भिंतीवरच्या यादीत ‘पहिलं’ म्हणजे सूप आणि ‘दुसरं’ म्हणजे ताटातला पदार्थ, ही रशियन काळातली पद्धत. त्सुइवान घ्या (पुन्हा चाकातला च): हाताने कापलेल्या नूडल्स, मांस, कोबी, गाजर, सगळं एकत्र वाफवलेलं. ताट मोठं येतं. ‘खगास’ म्हणजे अर्धं, असं सांगितलं तर अर्धं मिळतं.

मुलांचं विचारलंत. सरकारी शाळांत जागा कमी, मुलं जास्त, त्यामुळे दोन पाळ्या, काही ठिकाणी तीनही. एग्चची मुलगी चौदा वर्षांची, सकाळच्या पाळीत. मुलगा नऊचा, दुपारच्या. दोघं भेटतात ते मधल्या तासाभरात, आणि तेवढ्यात पाणी आणतात. वस्तीत पाण्याची छोटी घरं असतात, त्यांना खुदाग म्हणजे विहीर म्हणतात, विहीर नसली तरी. प्लास्टिकचे कॅन दुचाकी ढकलगाडीवर बांधायचे, भरायचे आणि चढावर ओढत आणायचे. मग तो शाळेत, ती घरी. चारच्या सुमारास ती चूल पेटवते. आई येईपर्यंत घर गरम असणं ही तिची जबाबदारी, आणि ती मैत्रिणीशी फोनवर बोलत बोलत ती इतक्या सहज करते की मला माझ्या चौदाव्या वर्षाची आठवण होऊन गप्प व्हायला झालं. सहाला ती अंधारात धाकट्याला आणायला जाते. मास्क लावून, कारण त्या वेळी सगळ्या चुली एकदम पेटलेल्या असतात आणि धुराने घसा खवखवतो.

एग्चला घरी यायला साडेसात. आल्या आल्या गुरिल्तई शूल. कणीक लाटायची, ती पोळी चुलीवर जराशी सुकवायची, घड्या घालून बारीक कापायची आणि मटणाच्या पाण्यात सोडायची. मी म्हटलं, आमच्याकडे हेच आमटीत करतात, चकोल्या म्हणतात. एग्चनी तो शब्द तीनदा म्हणून बघितला. मांस बाहेरच्या खोपटातून आणलं, दगडासारखं. नोव्हेंबर-डिसेंबरात कुटुंबं हिवाळ्याचं मांस एकदम भरून ठेवतात, त्याला इदेश म्हणतात. फ्लॅटवाल्यांची बाल्कनी तेव्हा फ्रीजर होते.

जेवण सगळ्यांचं एकत्र, चुलीभोवती. मग टीव्ही, गृहपाठ. धाकट्याने मेंढीच्या घोट्याच्या हाडांचा खेळ काढला, शगाई. हाड कसं पडतं त्यावर घोडा, उंट, मेंढी किंवा बकरी. मला सलग हरवलं. अकराला चुलीत शेवटचं इंधन, यंत्राचा दिवा बघितला, झोप.

माणदेशी मेंढका यांचं उत्तर

ताईंनी शहराचं सांगितलं, मी माळावरचं सांगतो. मी धनगराच्या घरचा, आता पशुवैद्यक. एप्रिल-मे महिन्यात सहा आठवडे अर्खांगाई प्रांतात एका कुटुंबाच्या गेरशेजारी मुक्काम होता. तिथे मंगळवार असा नसतोच. मेंढराला वार कळत नाही, हे माझा आजा सांगायचा, तिथल्या म्हाताऱ्यानेही जवळजवळ तसंच सांगितलं.

उठणं उजेडाबरोबर. बाई चुलीत आरगल घालते, म्हणजे वाळलेलं शेण. वास आपल्या गोवरीसारखाच, मला तर घरी आल्यासारखं वाटलं. चहा, शिंपडणं, मग गोठ्याकडे. त्या दिवसांत रात्री जन्मलेली कोकरं-करडं आधी बघायची, कुठलं गारठलंय ते चुलीपाशी आणायचं. एखादी मेंढी आपल्या पोराला जवळ घेत नसली तर घरातली बाई तिच्याशेजारी बसून गाते. मेंढीला ‘तोइग, तोइग’, शेळीला ‘चू, चू’, उंटिणीला ‘खूस, खूस’. प्रत्येक जनावराला वेगळं. अर्धा तास, तास, मेंढी ऐकत राहते आणि मग पोराला हुंगते. मी जनावरांचा डॉक्टर, पुस्तकात हे कुठे शिकलो नव्हतो. डोळ्यांनी बघितलं.

त्याच काळात शेळ्यांचं काश्मिरी लोकर विंचरून काढायचं काम असतं. शेळी आडवी पाडून पाय बांधायचे आणि लोखंडी वाकड्या दातांच्या फणीने मानेपासून खाली विंचरत जायचं. एका शेळीचं पाव किलो ते तीनशे ग्रॅम निघतं. वर्षाच्या रोख पैशाचा मोठा भाग तिथूनच, म्हणून त्या दिवसांत शाळेतली मोठी पोरंही शनिवार-रविवारी कामाला लागतात.

पोरांचं म्हणाल तर आठवडाभर ती घरी नसतातच. शाळा सोमच्या, म्हणजे तालुक्याच्या गावी. पोरं तिथल्या वसतिगृहात, नाहीतर आईच धाकट्यांना घेऊन गावात राहते आणि बाप एकटा जनावरांजवळ. शुक्रवारी दुपारी तो मोटारसायकलवर निघाला की त्याचा चेहराच वेगळा. आमच्याकडे मेंढरामागे फिरताना शाळा सुटायची, त्यांनी निदान शाळा धरून ठेवली, पण त्यासाठी घर दोन ठिकाणी तोडलं. दोन्हींतलं बरं कुठलं, मला सांगता येत नाही.

उन्हाळ्यात घोडीचं दूध दर दोन तासांनी काढतात आणि चामड्याच्या पिशवीत घुसळून ऐराग करतात. आत येणारा पाहुणाही आधी चार वेळा रवी मारतो, मग बसतो. गेरजवळ गेलात की लांबूनच ‘नोखोई खोर’ म्हणून हाक द्यायची, कुत्रं धरा म्हणून. कुत्री खरंच धरायला लागतात.

आणि हे सगळं एका हिवाळ्यात जाऊ शकतं. अशा जीवघेण्या हिवाळ्याला ते द्झूद म्हणतात. २०२३-२४ च्या हिवाळ्यात देशभरात ७० लाखांहून जास्त जनावरं मेली. चिंगेलतेईच्या उतारावरच्या कितीतरी गेर अशा हिवाळ्यांनंतर शहरात आलेल्या आहेत.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पत्नीला वाचून दाखवलं, तोइग तोइगपाशी ती थांबून गेली. दोन शंका. ती शाकाहारी आहे, निभेल का? आणि मुलीच्या शाळेचं मार्चमध्ये कसं करायचं?

तूलकाठची

निभेल. बटाटा, गाजर, कोबी, कांदा, सलगम सगळीकडे मिळतात, शहरात शाकाहारी हॉटेलंही आहेत. डाळी आणि गोडा मसाला घरूनच आणा. फक्त कुणाच्या घरी गेलात की ‘पत्नीला मांस चालत नाही’ हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर यजमानीण सूपातलं मांस बाजूला काढून तेच सूप वाढते, फार प्रेमाने.

मार्चमध्ये येतायत हे चांगलंच आहे, सगळ्यात वाईट धूर डिसेंबर-जानेवारीत असतो. मार्चमध्ये वारा आणि धूळ असेल. इथे शाळा १ सप्टेंबरला सुरू होते आणि पहिलीचं वय सहा, म्हणजे तोवर ती बालवाडीत. बालवाडीला इथे त्सेत्सेरलेग म्हणतात, आणि बागेलाही तोच शब्द. वाडी म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नकोच.

तुमच्या प्रश्नात मंगळवार होता म्हणून हेही सांगते. बोलताना इथे वारांची नावं तिबेटीतून आलेली: दवा, म्यागमर, ल्हाग्व, पुरेव, बासन, ब्यांब, न्याम. ज्या वारी जन्म झाला तेच नाव मुलाला ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे तुमच्या वर्गात एखादा पुरेव आणि दोन-तीन ब्यांब नक्की असतील. पण ग्रहांची नावं मात्र संस्कृतातून. शुक्र म्हणजे सुगर, बुध म्हणजे बुद, गुरू म्हणजे बारखस्बाद, म्हणजे बृहस्पती. आणि मंगळ म्हणजे अंगारग. आमच्या शाळेत सहावीच्या विज्ञानाच्या तासाला फळ्यावर तो शब्द वाचला गेला आणि मला एकदम अंगारकी आठवली, सिद्धिविनायकाची रांग आठवली. सुट्टीत एग्चना सांगितलं, आमच्याकडेही मंगळवारी अंगारकच असतो. त्या म्हणाल्या, मग तुमच्याकडेही हा वार कडकच असणार.

कारण इथे म्यागमर जड मानतात. नवं काम, लांबचा प्रवास टाळतात. केस कापायलाही लोक रोजचं पंचांग बघतात. आज केस कापले तर आयुष्य वाढेल की भांडण होईल, हे बातम्यांच्या संकेतस्थळांवर रोज छापून येतं. तुमच्यासाठी कामाचं एवढंच: सोमवारी सकाळी ऑफिसात शूरखई असते, आठवड्याच्या कामाची झटपट बैठक, तिला उशीर करू नका. आणि उबदार बूट, लोकरीचे मोजे, मेंढीच्या कातड्याची टोपी हे सांगलीहून शोधत बसू नका, इथे नारनतूल बाजारात चांगलं मिळतं. मी सोबत येईन, एग्चनाही घेऊ, त्या भाव करतात. फक्त मंगळवार सोडून कधीही सांगा, त्या दिवशी बाजार बंद असतो.